पायाभूत कौशल्यांचा वर्ग: आत जमतं, उंबरठ्यावर अडतं

प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या महाविद्यालयात पुढच्या सत्रापासून पायाभूत कौशल्यांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू होतोय. 14 प्रवेश झालेत. त्यातले 9 जण शाळा मध्येच सुटलेले, वय 30 ते 58. उरलेले 5 जण विशीतले. तिघांना बौद्धिक अक्षमता आहे, दोघे स्वमग्न (ऑटिझम असलेले) आहेत. मी आजवर पदवीच्या वर्गांना गणित शिकवलं. आता हा वर्ग माझ्याकडे आलाय. पुस्तक कोणतं लावू? या सगळ्यांना एकत्र कसं शिकवू? आणि वर्षअखेर परीक्षा कशी घेऊ?"

पुस्तकाचं आधी उरकते. लावू नका. लहान मुलांची अंकलिपी तर कपाटातही ठेवू नका. 58 वर्षांच्या माणसासमोर सशाचं चित्र असलेला धडा ठेवला की तो दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि का आला नाही हे कुणाला सांगतही नाही. तुमचं साहित्य म्हणजे त्यांच्या खिशातले आणि पिशवीतले कागद: औषधाची चिठ्ठी, विजेचं बिल, मुलाच्या शाळेची सूचना, फोनवर आलेला न कळलेला संदेश. पहिल्याच दिवशी सांगा, घरातला एक न समजणारा कागद घेऊन या. पंधरा दिवसांत पुस्तकाएवढा गठ्ठा जमतो.

परीक्षेचं शेवटी सांगते. मधला प्रश्न खरा. त्याचं उत्तर द्यायचं तर माझीच एक फजिती सांगावी लागेल.

मी या कामात 22 वर्षं आहे. सुरुवातीच्या काळात आमच्याकडे एक 22 वर्षांचा मुलगा होता, बौद्धिक अक्षमता असलेला, अतिशय नीटनेटका. त्याला कपडे धुण्याचं यंत्र चालवायला शिकवलं. कामाचे 9 टप्पे पाडले, चित्रांची पट्टी केली, तीन महिने रोज सराव. शेवटी तो कुणाच्याही मदतीशिवाय सगळं करू लागला. आम्ही प्रमाणपत्र दिलं, फोटो काढला. महिन्याने त्याची आई भेटली. म्हणाली, घरी तो यंत्राला हातही लावत नाही. मी घरी जाऊन पाहिलं. आमच्या यंत्राचं दार समोरून उघडायचं, त्यांच्या यंत्राचं वरून. बटणांच्या जागा वेगळ्या. त्याच्या दृष्टीने ती दोन निराळी यंत्रं होती, आणि खरं तर त्याचं बरोबरच होतं. आम्ही त्याला कपडे धुवायला शिकवलंच नव्हतं. आमच्या खोलीतलं आमचं यंत्र चालवायला शिकवलं होतं.

त्याच वर्षी प्रौढांच्या वर्गात एक बाई होत्या. पन्नाशीच्या. वर्गात खात्याचा अर्ज बिनचूक भरायच्या, अक्षरही छान. एकदा त्यांच्याबरोबर प्रत्यक्ष खिडकीवर गेले तर त्यांनी अर्ज कारकुनाकडे सरकवला आणि म्हणाल्या, "चष्मा विसरले, तुम्हीच भरा ना." चष्मा पर्समध्ये होता.

दोघांचं अडलं एकाच जागी, उंबरठ्यावर. पण कारणं अगदी वेगळी. त्या मुलाला कौशल्य एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येत नव्हतं. बाईंना ते नेता येत होतं, पण चारचौघांत चुकण्याची चाळीस वर्षांची भीती आड येत होती. तुमच्या 14 जणांच्या वर्गात हेच दोन प्रकार आहेत, अधेमधे मिसळलेले. वर्गाची आखणी या उंबरठ्यावरून करा, विषयांवरून नाही. भाषा, गणित, संगणक असे तास पाडले की वर्गात शिकवून होतं आणि दाराबाहेर काहीच पोचत नाही.

आता क्रमाने.

पहिले दोन आठवडे शिकवू नका. चाचणीही घेऊ नका. चाचणीचा कागद पाहूनच शाळा सोडलेली माणसं आहेत ही. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. हसू नका, माझ्याकडे "वाचता येत नाही" म्हणून आलेल्या काही जणांना निम्मा इलाज चष्म्याने झालाय. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ज्याला वाचायचंच नसतं तो चष्मा करून घेत नाही. डाऊन सिंड्रोम (गुणसूत्रांतल्या जन्मजात फरकामुळे येणारी, बौद्धिक अक्षमतेची एक स्थिती) असलेल्यांमध्ये ऐकू कमी येण्याचं प्रमाण बरंच असतं, आणि "लक्ष देत नाही" हा शेरा त्यांना आयुष्यभर चिकटलेला असतो.

मग एकेकाशी अर्धा तास बोला. प्रौढांना विचारायचा माझा ठरलेला प्रश्न आहे: "असं कोणतं काम आहे जे तुम्ही दुसऱ्याकडून करून घेता आणि ज्याचा तुम्हाला राग येतो?" उत्तरं थेट येतात. मुलाला फोन दाखवून संदेश वाचून घ्यावा लागतो. पगाराच्या कागदावर काय कापलंय ते कळत नाही. अभ्यासक्रम तिथेच लिहून झाला.

आधार लागणाऱ्या पाच जणांना हाच प्रश्न उलटा विचारा: असं काय आहे जे लोक तुझ्यासाठी करून टाकतात आणि तुला स्वतःला करायचंय? इथे एक सापळा आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या पुष्कळ जणांना "हो" म्हणायची सवय लागलेली असते. "तुला स्वयंपाक शिकायला आवडेल?" हो. "संगणक?" हो. "नको का संगणक?" त्यालाही हो. त्यामुळे हो-नाहीचे प्रश्न टाळा. दोन फोटो समोर ठेवा, कोणतं हवं ते उचलू दे, थोड्या वेळाने फोटोंच्या जागा बदलून पुन्हा विचारा. आणि आईला खोलीबाहेर बसवा. आई वाईट नसते, पण उत्तर तीच देते.

प्रौढांच्या मनातला एक समज पहिल्याच बैठकीत काढून टाका, की "आपणच एकटे अडाणी". ओईसीडी ही मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना 16 ते 65 वयाच्या प्रौढांची कौशल्यं मोजते. 2022-23 च्या फेरीत 31 देश आणि प्रदेश होते, बहुतेक श्रीमंत, सक्तीची शाळा असलेले. तिथेही वाचनात सगळ्यात खालच्या पातळीवर किंवा तिच्याही खाली असलेले प्रौढ सरासरी 26 टक्के निघाले. म्हणजे साधारण चारातला एक. हे लोक शाळेत गेलेले होते. हा आकडा मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. वर्गात एकदम शांतता होते, मग कुणीतरी हसतं, आणि त्यानंतर माणसं बोलायला लागतात.

वाचनाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मिश्र वर्गाचा गुंता सगळ्यात आधी इथे दिसतो. 1986 साली दोन संशोधकांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: वाचून समजणं म्हणजे अक्षरांवरून शब्द उलगडता येणं गुणिले ऐकलेली भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य. तुमच्या प्रौढांची दुसरी बाजू भक्कम आहे; त्यांना जग कळतं, भाषा कळते, टोमणे कळतात. अडतं ते अक्षरांवर. स्वमग्न विद्यार्थ्यांपैकी एखादा मात्र बरोबर उलटा निघेल: वर्तमानपत्र घडाघडा वाचेल आणि "यात काय सांगितलंय?" विचारलं की तुमच्याकडे नुसता पाहत राहील. त्याचं वाचन ऐकून शिक्षक खूश होतात आणि त्याला पुढचा उतारा देतात. त्याला पुढचा उतारा नको, तोच उतारा हवा: कोण, कुठे, मग काय झालं. चित्रं लावायला द्या, सूचना वाचून प्रत्यक्ष कृती करायला सांगा. "निळी फाइल खिडकीजवळ ठेव" हे वाचून त्याने फाइल ठेवली तर समजलं, नाही तर नाही.

बौद्धिक अक्षमता असलेल्यांना फक्त शब्दांची चित्रं पाठ करून घ्यायची, धोका, बाहेर, स्त्रिया, पुरुष एवढंच, अशी एक जुनी रीत आहे. सुरक्षिततेसाठी ते शब्द हवेतच. पण तिथेच थांबू नका. आवाज आणि अक्षर यांची जोडी क्रमाने, सावकाश, भरपूर उजळणीने शिकवली तर त्यांच्यातलेही पुष्कळ जण न पाहिलेला शब्द उलगडू लागतात. वेळ जास्त लागतो, एवढाच फरक. पाठ केलेले पन्नास शब्द पन्नासच राहतात.

लिहिण्याचं मी फार ताणत नाही. सही, पत्ता, तारीख, अर्जातले रकाने, दोन ओळींचा संदेश. बोलून टंकलेखन करता येत असेल तर खुशाल करू द्या. सुंदर अक्षराचा हट्ट धरणारे शिक्षक मी पाहिलेत. सहा महिने गिरवण्यात जातात.

तुमचा विषय गणित, म्हणून इथे तुमची सगळ्यात जास्त पंचाईत होणार आहे. पदवीच्या वर्गाची सवय म्हणजे रीत आधी, उदाहरण नंतर. इथे ती उलटी करावी लागेल. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर वस्तू विकणाऱ्या पाच मुलांचा एक छोटा अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला. विक्री करताना त्या मुलांनी तोंडी केलेले हिशेब 98 टक्के बरोबर होते. तीच गणितं कागदावर नुसती आकडेमोड म्हणून दिली तेव्हा 37 टक्के बरोबर आली. उंबरठा दोन्ही बाजूंनी आडवा येतो. बाहेर जमणारं आत येत नाही, आत शिकवलेलं बाहेर जात नाही. तुमच्या प्रौढांपैकी कुणी ठेकेदाराकडे काम केलं असेल, कुणी घर चालवलं असेल. त्यांना विचारा, तुम्ही हिशेब कसा करता? फळ्यावर त्यांची रीत लिहा. ती बहुधा बरोबर असते, फक्त शाळेसारखी दिसत नाही.

पैशांपेक्षा वेळ अवघड जाते. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पैसे दहाच्या पटीत चालतात, वेळ साठच्या. 5:10 ला पोचायचंय, वाटेत 35 मिनिटं लागतात, निघायचं कधी? शाळेतली हातच्याची वजाबाकी केली तर 510 वजा 35, उत्तर 475, म्हणजे 4:75! हे उत्तर मी दर वर्षी पाहते आणि लिहिणाऱ्याचा दोष मानत नाही. रीतच चुकीच्या जागी लावली गेलीय. उड्या मारायला शिकवा: 5:10 वरून 5:00, 10 मिनिटं झाली, उरली 25, 4:35. एक आडवी रेघ, दोन उड्या. आणि ही रेघ खिशात जाते.

मराठीतून शिकवताना आणखी एक गोष्ट. पंचवीस म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना दोन आधी. जर्मन भाषेतही असंच आहे, तिथेही मुलं अडखळतात. फोन नंबर किंवा ओटीपी सांगताना प्रौढ "बावन्न" ऐकतात आणि 25 लिहितात. आकडे एकेक करून सांगायचे आणि एकेक करूनच मागायचे, "पाच, दोन", असा नियम पहिल्या दिवसापासून वर्गात ठेवा. बाहेर समोरचा माणूस जोडीने बोलला तर "एकेक आकडा सांगा" असं म्हणायची सवयही लावा. हे वाक्य म्हणता येणं हेसुद्धा एक कौशल्य आहे.

ज्यांना सुटे पैसे मोजणं जमतच नाही त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती आहे: किंमत ऐकायची, पुढच्या पूर्ण आकड्याएवढ्या नोटा द्यायच्या आणि उरलेले परत घ्यायचे. हिशेब पूर्ण येत नाही हे खरं. पण माणूस आज एकटा दुकानात जाऊ शकतो, आणि हिशेब शिकणं मागून चालू राहू शकतं. पाया पूर्ण झाल्याशिवाय घरात पाऊल ठेवायचं नाही, हा नियम इमारतींना ठीक आहे.

आता आधार द्यायचा कसा आणि काढून कसा घ्यायचा. माझ्या मते या कामातली निम्मी कारागिरी इथेच आहे, आणि नवे शिक्षक नेमके इथे घाई करतात. काम आधी स्वतः करून पहा आणि टप्पे लिहा. लिहिताना लक्षात येतं की "यंत्र सुरू कर" हा एक टप्पा नसून चार टप्पे आहेत. मग बऱ्याच वेळा शेवटच्या टप्प्यापासून शिकवणं सोपं जातं: आधीचं सगळं तुम्ही करा, शेवटचं बटण त्याने दाबावं. काम पूर्ण झाल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून त्याचा. मग शेवटचे दोन टप्पे त्याचे, मग तीन.

मदतीच्या पायऱ्या असतात: हात धरून करवणं, करून दाखवणं, खूण करणं, तोंडाने सांगणं, नुसतं थांबणं. तोंडी सूचना सगळ्यात हलकी मदत वाटते. प्रत्यक्षात ती सगळ्यात चिकट आहे. "हं, आता काय? आता झाकण…" हे बोलणं थांबवता थांबत नाही, आणि विद्यार्थी त्या आवाजाची वाट पाहायला शिकतो. त्याऐवजी चित्रांची पट्टी द्या. पट्टी त्याच्याबरोबर बाहेर जाते, तुम्ही जात नाही. आणि सूचना देण्याआधी मनात पाच आकडे मोजा. सुरुवातीला हे पाच आकडे फार लांब वाटतात. सहकाऱ्याला मागे बसवून मी स्वतःची वेळ मोजून घेतली होती; मी दीड सेकंदात बोलून मोकळी होत होते.

इमारत बांधताना उभारतात त्या परांचीची उपमा शिकवण्यात 1976 साली आली आणि आता सगळ्यांच्या तोंडी आहे. परांची बांधताना ती कधी उतरवायची हे मिस्त्रीला ठाऊक असतं. आपल्याकडे वर्गसहायक नेमले जातात आणि ते वर्षभर विद्यार्थ्याला खेटून बसतात. मग शिक्षक सहायकाशी बोलतो, सहायक विद्यार्थ्याशी, आणि विद्यार्थी कुणाशीच बोलत नाही. तुम्हाला सहायक मिळाला तर त्याची खुर्ची विद्यार्थ्याच्या मागे ठेवा, शेजारी नको. त्याच्या कामाचं मोजमाप एकच: या महिन्यात किती वेळा मदत करावी लागली, गेल्या महिन्यापेक्षा कमी का?

शिकवलेलं काम तीन ठिकाणी, तीन वेगळ्या माणसांसमोर आणि जमल्यास तीन वेगळ्या वस्तूंवर होईपर्यंत "आलं" असं मी लिहीत नाही. धुलाई यंत्राच्या त्या प्रसंगानंतरचा हा माझा नियम. सराव पहिल्या आठवड्यापासूनच वेगवेगळ्या जागी करायचा; आधी वर्गात पक्कं करू आणि मग बाहेर नेऊ, असं ठरवलं की बाहेर न्यायला मार्च उजाडतो.

प्रौढांच्या बाबतीत बाहेर नेणं म्हणजे भीतीला सामोरं जाणं. त्यांना खिडकीवर घेऊन जा, पण आधी काम लहान ठेवा: फक्त कोरा अर्ज मागून आणायचा. पुढच्या वेळी नाव-पत्ता तिथे उभं राहून लिहायचा. चष्मा विसरणाऱ्या बाईंबरोबर मी चार वेळा गेले. तिसऱ्या वेळी त्या एक रकाना चुकल्या, कारकून खेकसला, त्यांनी दुसरा अर्ज मागितला. त्या दिवशी त्यांचं शिक्षण झालं असं मी मानते. अर्ज भरता तर त्यांना आधीपासूनच येत होता.

फोन आणि संगणक हा भाग सगळ्यांना एकत्र शिकवा. इथे माझा आग्रह एका गोष्टीसाठी आहे, जी अभ्यासक्रमात सहसा नसते: नाही म्हणणं. आधार लागणारी मुलं लहानपणापासून सांगितलेलं ऐकण्याबद्दल शाबासकी मिळवत आलेली असतात. फोनवर कुणी गोड आवाजात ओटीपी मागितला तर ती देणारच. वर्गात तुम्ही "नाही" म्हटलेलं चालवून घेत नसाल तर बाहेर ती कुणाला नाही म्हणणार? म्हणून रोज एकदा तरी नकार द्यायची खरी संधी द्या आणि तो नकार पाळा. मग सराव: दुसऱ्या विभागातल्या शिक्षकाला फोन करायला सांगा, ओटीपी मागू दे, घाई करू दे, थोडं धमकावू दे. असे सराव होणार आहेत हे वर्गाला आधी सांगून ठेवा, कोणत्या दिवशी ते सांगू नका. प्रौढांनाही हा सराव तितकाच लागतो. फसलो हे कबूल करायला ते जास्त लाजतात, एवढंच.

पालक म्हणतील, याचे निर्णय आम्हीच घेतो, नाही म्हणायला कशाला शिकवता? त्यांची काळजी खरी आहे, तिची टिंगल करू नका. पण संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात 12 व्या कलमात कायद्यापुढे समान क्षमता मान्य केलीय आणि निर्णय घ्यायला लागणारा आधार मिळण्याची तरतूद आहे. 24 व्या कलमात प्रौढ शिक्षण आणि आयुष्यभराचं शिक्षण भेदभावाशिवाय मिळावं असं म्हटलंय. प्राचार्यांशी किंवा पालकांशी बोलताना ही दोन कलमं हाताशी ठेवा. उपकार करतोय, या सुरातून सभा बाहेर काढायला त्यांचा उपयोग होतो.

एकत्र की वेगळे? माझी विभागणी अशी: बोलणं, फोन, वेळ, पैशांचं नियोजन, बाहेरच्या फेऱ्या एकत्र. अक्षर उलगडणं आणि टप्प्याटप्प्याचा सराव वेगळ्या छोट्या गटांत. पण खरी अडचण वेळापत्रकाची नाही. ती पहिल्या आठवड्यात एखादा प्रौढ तुमच्या टेबलाशी येऊन हळूच बोलून दाखवेल: "आम्हाला या पोरांबरोबर का बसवलं? आम्ही काय तसे आहोत?" हे वाक्य ऐकून तुम्हाला राग येईल. आवरा. आयुष्यभर "ढ" म्हणवून घेतलेल्या माणसाला वाटतं की आता अधिकृत शिक्का बसला. एकदा मी यावर व्याख्यान झोडलं आणि एक गृहस्थ कायमचे गेले. आता मी वर्ग सुरू होण्याआधीच प्रत्येकाला कोण कोण आहे ते सांगते आणि ज्याच्या त्याच्या ध्येयाचा कागद वेगळा आहे हे दाखवते. बाकीचं काम वर्ग स्वतः करतो. फोनमध्ये विशीतली मुलं तरबेज असतात; गेल्या खेपेला एक स्वमग्न मुलगी सगळ्यांचे फोन दुरुस्त करून देत होती आणि तिला "धन्यवाद" म्हटलेलं मुळीच आवडत नव्हतं.

उलटा धोकाही आहे. वर्गातल्या प्रेमळ बायका या पाच जणांच्या आया होऊन बसतात. डबा उघडून देतात, दप्तर आवरून देतात. हे पहिल्या दिवसापासून थांबवा, नाहीतर तुमचा सगळा आधार-काढणी कार्यक्रम मधल्या सुट्टीत वाया जातो.

वेळापत्रकाबद्दल एकच: शनिवारी सलग सहा तास, हा प्रस्ताव कुणीतरी आणेल, कारण खोली तेव्हा मोकळी असते. मान्य करू नका. शिकलेलं किती झपाट्याने विसरतं आणि अंतराअंतराने उजळणी केली की किती टिकतं हे 1885 पासून माहीत आहे. दीड तासाचे चार दिवस घ्या. प्रौढांचे खाडे होणारच, कामाची पाळी, आजारपण, पाहुणे. म्हणून प्रत्येक तास स्वतंत्र ठेवा. मागच्या तासावर अवलंबून असलेला तास म्हणजे परत आलेल्या माणसाला पुन्हा घरी पाठवणं.

नोकरीचंही विचारलं नाहीत तरी सांगते. "आधी तयारी, मग काम" या पद्धतीत आधार लागणारी मुलं तयारीच्याच वर्गात म्हातारी होतात. 1996 साली अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात प्रोजेक्ट सर्च सुरू झाला. त्यात विद्यार्थी वर्षभर कामाच्या जागीच असतात, तीन वेगवेगळ्या विभागांत आळीपाळीने खरं काम करतात, आणि शिक्षक तिथे जातो. धुलाई यंत्राच्या अडचणीवरचा हा सरळ उपाय आहे: उंबरठाच काढून टाकायचा. एवढी व्यवस्था तुम्हाला पहिल्या वर्षी जमणार नाही. पण महाविद्यालयात ग्रंथालय आहे, प्रयोगशाळा आहे, कार्यालय आहे. दुसऱ्या सत्रात पाचही जणांना आठवड्यातले दोन दिवस तिथे खरं काम द्या. खरं म्हणजे ते झालं नाही तर कुणाचं तरी अडेल असं.

आता परीक्षा. तीन तासांचा पेपर काढलात तर वर्षभर केलेलं सगळं एका दिवसात पुसाल. प्रत्येकासाठी एक तक्ता ठेवा, तीन रकान्यांचा: काय करता येतं, कुठे आणि कुणासमोर केलं, किती आधाराने केलं. पहिली नोंद प्रवेशाच्या वेळची. ती नसेल तर शेवटच्या नोंदीला अर्थ नाही. "वाचन सुधारलं" असं लिहू नका. "औषधाच्या पाकिटावरून मात्रा आणि मुदत वाचली, दुकानात, एकट्याने" असं लिहा. ज्याची मदत दर कामाला आठ वेळांवरून दोन वेळांवर आली त्याची ती प्रगतीच आहे, आणि गुणपत्रिकेत ती कधीच दिसली नसती. सुट्टीनंतर घसरण होईल. ती लपवू नका, तारखेसह नोंदवा. पुढच्या वर्षी सुट्टीआधी काय द्यायचं ते त्यावरून कळतं. विद्यापीठाला गुण हवेच असतील तर या तक्त्यावरून काढून द्या, उलट करू नका. फोटो किंवा चित्रफीत पुरावा म्हणून घ्याल तर संमती त्या विद्यार्थ्याची घ्या, फक्त पालकांची नको.

शेवटची नोंद अभ्यासक्रम संपल्यावर सहा आठवड्यांनी, त्याच्या घरी किंवा कामाच्या जागी जाऊन घ्या. 14 भेटी होतात. त्यासाठीचे दिवस आणि प्रवासखर्च आत्ताच, सत्र सुरू व्हायच्या आधी, प्राचार्यांकडून लेखी मंजूर करून घ्या. निकाल लागल्यावर मागितलेत तर वर्ग संपलाय, आता कशाला, असं उत्तर येतं. मला ते दोनदा आलंय.